वजिराचा रोजा

हकीम सद्रुद्दीन नाडी पाहायचा, ताऱ्यांची गणितं मांडायचा, कालव्यांचे नकाशेही काढायचा. आता त्याने सुलतानाच्या दरबारापुढे दगडी सूर्यघड्याळ बसवलं, आणि वजीर दिलावरजंगाची पंचाईत झाली. त्याचा रोजचा उशीर सगळ्यांना दिसू लागला.

रमजानातल्या एका सकाळी स्वारी घटकाभर उशिरा आली आणि वर तावातावाने म्हणाली, "हुजूर, मी वेळेवरच आलोय. हे यंत्रच घटकाभर पुढे पळतंय. उखडून टाका ते, आणि या हकिमालाही वाटेला लावा!"

हकीम एवढंच म्हणाला, "संध्याकाळपर्यंत थांबावं, हुजूर."

संध्याकाळी सूर्य बुडाला, रोजा सोडायची तोफ झाली. भुकेल्या वजिराने खजूर तोंडाशी नेला, तोच हकीम अदबीने पुढे झाला.

"थांबा, वजीरसाहेब! माझ्या यंत्रात ना चाक, ना कमान. नुसती उन्हाची सावली. म्हणजे घटकाभर पुढे पळतोय तो सूर्यच. आपल्या हिशेबाने तो अजून मावळायचाय. मग रोजा कसा सोडता?"

वजिराने हसू दाबणाऱ्या सुलतानाकडे पाहिलं, मग हातातल्या खजुराकडे.

"यंत्र बरोबर आहे," तो पुटपुटला. "पहाटेची सहरी खाऊन मीच पुन्हा झोपलो होतो."