नवरीच्या पानाचा पत्ता

एकदा एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य यांच्यापुढे पत्त्याचा पेच उभा राहिला. गुरुजी संगणकविद्या शिकवीत, आणि शिष्याने रांगोळी काढणाऱ्या स्त्रियांसाठी एक संकेतस्थळ उभारले होते. तिथे प्रत्येकीचे स्वतंत्र पान, आणि पानाच्या पत्त्यात तिचे नाव. त्यांतली शेवंता भलतीच नावाजलेली. आपला पत्ता ती प्रत्येक रांगोळीच्या कोपऱ्यात रंगाने लिही, लोक तो फोनवर टाकीत आणि तिला लांबलांबून बोलावणी येत.

तिचे लग्न ठरले आणि शिष्याची झोप उडाली, कारण त्यांच्याकडे लग्नात वधूचे नाव बदलतात. "पत्त्यात नाव घातलं हीच चूक," तो म्हणाला. "आता सगळ्यांना सरळ आकडे देतो, शेवंताला चारशे सात. आकडा काही सासरी जात नाही!"

शेवंता उसळलीच. "मी काय तुरुंगातली कैदी आहे? सानवी हे नवं नाव मी हौसेनं निवडलंय, ते पत्त्यात हवंच. पण जुन्या पत्त्यावर मला शोधणारी माणसं हरवली, तर इतक्या वर्षांची मेहनत मातीत जाईल रे माझी!" बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

गुरुजी एवढेच म्हणाले, "लग्नात बघू." आता सांगा, लग्नात जेवणाखेरीज काय बघायचे असते?

लग्नाच्या दिवशी मांडवात लक्ष्मीपूजन झाले. नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने 'सानवी' असे लिहिले आणि टाळ्या पडल्या. तेवढ्यात गुरुजी उठले आणि खणखणीत आवाजात ओरडले, "चारशे सात!"

नवरी हलली नाही. आचारी मात्र धावत आला. "अहो, एवढी पानं? अडीचशेच सांगितली होती की!"

मग गुरुजींनी हाक दिली, "सानवी!" नवरी ढिम्म. नवरदेव तेवढा लाजला.

"शेवंता!"

"ओ!" म्हणत ती गर्रकन वळली आणि तिने जीभ चावली. मांडवभर हशा उसळला.

हसू ओसरल्यावर गुरुजी शिष्याला म्हणाले, "बाळा, आकडा आत ठेव, घराच्या पायासारखा. तो बदलू नये, आणि कोणाला दिसण्याचीही गरज नाही. दारावरची पाटी मात्र नावाची, जिची तिला आवडेल ती. जुन्या नावाने कोणी आलं, तर त्याला हात धरून नव्या दारी पोचव. आणि हो, ते जुनं नाव दुसऱ्या कोणाला देऊन टाकू नकोस. नाहीतर हिचे पाहुणे परक्याच्या ओसरीवर जाऊन बसतील."

शिष्याने मांडवातच लॅपटॉप उघडला आणि जेवणाआधी काम पुरे केले. मग नवरीच्या फोनवर जुना पत्ता टाकला. पान उघडले, वर 'सानवी', खाली तिच्याच साऱ्या रांगोळ्या. शालू सावरत ती चक्क नाचली.

पंगतीत नवऱ्याने धीर करून हाक मारली, "सानवी!" त्याच क्षणी दुसऱ्या टोकाकडून आई ओरडली, "शेवंता, अगं जेवलीस का?"

"आले, आले!" नवरीने दोघांनाही एकदमच उत्तर दिले.

शिष्य गुरुजींकडे पाहून हसला. गुरुजींनी पुरणपोळीवर आणखी तूप मागितले.