म्हसूने मधली धार धरली

पिंपळदऱ्याच्या दवाखान्यात म्हसू नावाचा एक भोळा नर्स होता. होता म्हणजे, व्हायचा होता. अजून नर्सिंगच्या शाळेत शिकत होता. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. फक्त आज सांगितलेलं उद्या करायचा, आणि तेही भलत्याच माणसाला.

आधीच दोनदा नापास झालेला. मोठ्या डॉक्टरांनी बजावलं, "या खेपेला नापास झालास तर ट्रंक उचल आणि मामाच्या म्हशी राखायला जा." मामाच्या म्हशींना हे कळलं नव्हतं. कळलं असतं तर पोरगा पास व्हावा म्हणून त्यांनीच नवस बोलला असता.

त्याला शिकवायला वायंगणकर सिस्टर होत्या. बाई कोकणातल्या, जिभेला धार, पण पोटात माया. म्हसूसाठी त्यांनी मंगळवारचा उपास धरला होता. त्याला किडनीच्या वॉर्डात घातलं त्यांनीच. म्हणाल्या, "इथे पाणी आत आणि लघवी बाहेर. यात काय चुकणार?"

उपास वाढवावा लागला.

पहिल्याच दिवशी भिकानानांची लघवीची पिशवी म्हसूला दिसली. नानांना नळी घातलेली, पिशवी खाटेला लोंबत होती. म्हसूला वाईट वाटलं. म्हाताऱ्याची वस्तू, कुणी नेली तर? त्याने ती उचलून नानांच्या छातीवर ठेवली आणि वर पांघरूण घातलं.

सिस्टर धावत आल्या. "मेल्या, पिशवी वर गेली तर लघवी उलटी आत जाते! पिशवी कायम खाली, खाटेच्या खालच्या अंगाला!"

"बरं सिस्टर. आता ध्यानात ठेवतो."

ठेवलं की! दुसऱ्या दिवशी येसाबाईच्या नवऱ्याला सलाइन लावायचं होतं. म्हसूने बाटली खाटेच्या खाली बांधली. थोड्या वेळाने नळी लाल झाली.

"अगं बया!" येसाबाई किंचाळली. "ह्यांचं रगत बाटलीत चाललंय!"

"घाबरू नका मावशी," म्हसू म्हणाला, "पिशवी कायम खाली."

सिस्टरनी कपाळ बडवलं. बाटली वर टांगली. "अरे, जे आत जायचं ते उंचावर! कळलं?"

"कळलं सिस्टर."

कळलं असणारच, कारण दुपारी हॉटेलवाले शेटे आपल्या खाटेवर उभे राहून उड्या मारत होते. शेट्यांना मुतखडा. त्यांचा डबा आणि पाण्याचा तांब्या म्हसूने सलाइनच्या दांडीवर टांगला होता. शेटे अंगाने गोल, त्यांचा हात काही पुरेना. शेजारचे पेशंट दुखणं विसरून पैजा लावू लागले.

"म्हस्या!" सिस्टर ओरडल्या. "जेवणपाणी माणसाच्या हातात द्यायचं! आणि मुतखडा आहे ना, मग पाणी सारखं पाज. खडा वाहून जायला हवा. नको म्हटलं तरी पाज!"

म्हसूने तांब्या भरला आणि शेजारच्या खाटेकडे वळला. तिथे जगदाळे हवालदार. त्यांच्या किडन्या थकलेल्या, अंग सुजून पखालीसारखं झालेलं, पाणी कपाने मोजून मिळायचं. हवालदार नको म्हणालेच नाहीत. गटागटा प्याले. "पोरा, तू माणूस नाहीस, देव आहेस," असं म्हणून दुसरा तांब्या मागितला. संध्याकाळी हवालदारांना धाप लागली आणि डायलिसिसचं मशीन वेळेआधी सुरू करावं लागलं. तेवढं झालं म्हणून हवालदार वाचले, आणि म्हसूही.

सिस्टरचा घसा बसला होता. त्या हळूच म्हणाल्या, "बाळा, किडनी थकली की पाणी अंगातच राहतं. म्हणून आत किती गेलं ते मोजायचं. बाहेर किती आलं तेही मोजायचं. विसरू नकोस."

परीक्षेचा दिवस उजाडला. जिल्ह्याहून परीक्षक आल्या, देसले मॅडम. वजनदार बाई, चष्मा सोन्याच्या काड्यांचा. त्यांना चहा द्यायचं काम म्हसूकडे. त्याने चहा आधी मापाच्या भांड्यात ओतला, आकडा बघितला, मग कपात ओतला. मॅडमना वाटलं, मुलगा टापटिपीचा दिसतोय.

चहा पिऊन मॅडम बाथरूमला गेल्या. दार उघडून बाहेर आल्या तर समोर म्हसू, हातात भांडं.

"मॅडम, आतलं मोजलंय. बाहेरचं राहिलंय."

सिस्टरनी त्याला दंडाला धरून खेचत कोपऱ्यात नेलं. "मोजणं बंद! कुणाचं काही मोजू नकोस! आता फक्त लघवीचा नमुना कसा घ्यायचा तेवढं पाठ कर. पहिलं सोडून द्यायचं, त्यात बाहेरची घाण असते. मधलं धरायचं. शेवटचं सोडून द्यायचं. खरं काय ते मधल्यात कळतं. म्हण!"

"पहिलं सोडायचं. मधलं धरायचं. शेवटचं सोडायचं."

"एवढं सांभाळ, लेकरा. म्हशी वाट बघतायत."

मॅडम वॉर्डातल्या एका रिकाम्या खाटेवर बसल्या आणि म्हसू त्यांच्यापुढे उभा राहिला. सिस्टर दाराआड, हातात जपमाळ.

"मुतखड्याच्या पेशंटला काय सांगशील?"

"पाणी सारखं पी. नको म्हटलास तरी पाजीन."

"छान. आता सांग, किडनी कुठे असते?"

"खाटेच्या खाली."

मॅडमनी नकळत वाकून खाटेखाली बघितलं. मग सावरून बसल्या. "चूक. आता शेवटचं. लघवीचा नमुना कसा घेशील?"

म्हसूने धडाधड म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकला नाही.

मॅडम हसल्या. "तीनपैकी दोन बरोबर. जा, पास केलं तुला."

दाराआड सिस्टरनी डोळ्याला पदर लावला.

म्हसू मात्र हलेना. "मॅडम, असं नाही चालत."

"काय नाही चालत?"

"पहिलं सोडून द्यायचं. शेवटचं सोडून द्यायचं. मधलं धरा."

"अरे, मधलंच तर तुझं चुकलंय!"

"असू दे. खरं काय ते मधल्यात कळतं."

मॅडमनी त्याच्याकडे बघितलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितलं. "मग तू नापास होशील."

"धरा, मॅडम."

मॅडमनी धरलं.

म्हसू छाती फुगवून दाराआड आला. "सिस्टर, मॅडम चुकून पहिलं आणि शेवटचंच धरत होत्या. बरं झालं, मी होतो."