कातरलेले पीस

त्या रानात झाडे थोडी होती आणि पाखरे फार. चांगल्या ढोल्या सगळ्या घुबडरावांच्या मालकीच्या. त्या त्यांच्या कशा झाल्या हे कोणाला आठवत नव्हते, आणि विचारायला कोणी धजावतही नव्हते. दर पौर्णिमेला तिन्हीसांजेच्या सुमारास घुबडराव ढोलीढोलीशी येत आणि भाडे म्हणून एक पीस घेऊन जात. उडायचे पीस, पोटाखालची लव चालत नसे.

साळुंकीने ढोली घेतली तेव्हा तिचे पंख भरगच्च होते. पहिले भाडे म्हणून तिने सापाशी झालेल्या झटापटीत टोकाला कातरलेले पीस पुढे केले. घुबडरावांनी नाक मुरडले, पण ठेवून घेतले. पुढे चांगली पिसेही एकेक करून गेली. उडणे आखडले तसा चाराही आटला, आणि पदरात तीन उघडी पिल्ले. या पौर्णिमेला भाडे चुकले की पिल्लांसकट बाहेर, हे ठरलेले होते.

"टेकडीवर भाडेकरूंना मदत मिळते म्हणे," शेजारचा तांबट म्हणाला. "पण उडत जाऊ नका हं, साळुंकीबाई. मी उडत गेलो, तर बगळेसाहेब म्हणाले, उडता येतंय की तुला! जा तुम्ही, पिल्लांकडे मी बघतो."

पौर्णिमेच्या दिवशी पहाटेच ती पायी निघाली. वर पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आले होते. बगळेसाहेबांनी तिच्या पायांवरची धूळ नीट तपासली, विरळ पंख उलगडून पाहिले आणि समाधानाने मान हलवली. मग टोपलीतले एक पीस काढून तिच्यापुढे ठेवले.

"घुबडरावांचे उपकार माना. दर पौर्णिमेला आमचा कावळा ही टोपली त्यांच्याकडूनच भरून आणतो."

साळुंकीने पीस पाहिले. टोकाला कातरलेले होते. तिला फार वाईट वाटले, रागही आला. हे आपल्याच पंखात खोचावे आणि उडून जावे, असे क्षणभर मनात आले. पण पिल्लांना पंख कुठे होते?

ती परत आली तेव्हा दिवस मावळत होता आणि घुबडराव दारात उभे होते. तिने पीस पुढे केले. त्यांनी ते एकदा उलटसुलट करून पाहिले, पुन्हा नाक मुरडले आणि शेजारच्या फांदीवर थांबलेल्या कावळ्याच्या टोपलीत टाकले. कावळा टोपली उचलून टेकडीकडे उडाला.