ठिपकीचा कण आणि झोपलेला पोपट

ए, ये इकडे. ऐक ना, आत्ता काय झालं ते.

तात्याआजोबांचा एक जुना कॉम्प्युटर होता. आजोबा नानकटाई खात खात त्यावर पोपटाचा नाच बघायचे. मग खुर्चीतच डुलकी काढायचे.

नानकटाईचा एक कण पडला. एवढुस्सा. ठिपकी मुंगीने तो उचलला आणि निघाली घरी. तुरुतुरु तुरुतुरु.

ती कॉम्प्युटरच्या मागून जात होती, तेवढ्यात त्याच्या आतला पंखा सुरू झाला. घर्रर्र घर्रर्र. कण उडाला आणि भिंतीशी पडला. ठिपकी आणायला गेली. वाऱ्याने तिला ढकललं. पुन्हा गेली. पुन्हा ढकललं.

ठिपकीने डोळे बारीक केले. आजोबा तर झोपलेत. मग पंखा कोणासाठी पळतोय? हूं. कोणीतरी लपलंय.

"पंख्या, पंख्या, थांब ना. कण मिळेना."

पंखा म्हणाला, "मी नाही थांबणार. आधी प्रोसेसर निवू दे."

प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं. तापलं होतं चांगलंच. ठिपकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु.

"प्रोसेसर, प्रोसेसर, निव ना. पंखा थांबेना, कण मिळेना."

प्रोसेसर म्हणाला, "मी नाही निवणार. आधी पोपट थांबू दे."

पोपट? तो तर मघाशीच गेला. हूं. कोणीतरी लपलंय.

ठिपकी स्क्रीनवर चढली. वर कोणी नाही. मधे कोणी नाही. अगदी खाली, छोट्या चित्रांच्या पट्टीवर, एक हिरवी शेपटी. थुई थुई.

"पोपटा, पोपटा, थांब ना. प्रोसेसर निवेना, पंखा थांबेना, कण मिळेना."

"मी तर झोपलोय," पोपट म्हणाला. शेपटी थुई थुई. "आणि मी नाही थांबणार. आधी माऊसला बंद करायची फुली दाबू दे."

"माऊस, माऊस, फुली दाब ना. पोपट थांबेना, प्रोसेसर निवेना, पंखा थांबेना, कण मिळेना."

माऊस म्हणाला, "मी नाही दाबणार. आधी आजोबांना उठू दे."

"आजोबा, आजोबा, उठा ना. माऊस दाबेना, पोपट थांबेना, प्रोसेसर निवेना, पंखा थांबेना, कण मिळेना."

आजोबांनी एकच डोळा उघडला. "मी नाही उठणार. पोपट मी कधीच बंद केलाय."

बंद? हूं.

ठिपकी धावली आणि हिरव्या शेपटीवरच जाऊन बसली.

आजोबांनी दुसरा डोळा उघडला. स्क्रीनवर मुंगी? उठलेच. मुंगी हाकलायला त्यांनी काय घेतलं? बोट नाही. फडकं नाही. माऊसचा बाण. बाणाने मुंगीला ढुशी दिली. टिक्.

पोपट पट्टीवरून टुणकन वर, अख्ख्या स्क्रीनवर.

"अरे लबाडा," आजोबा म्हणाले, "मला वाटलं, खाली गेलास म्हणजे झोपलास."

मग माऊसने फुली दाबली. पोपट थांबला. प्रोसेसर निवला. पंखा थांबला. घर्रर्र... घर्र... घ... आणि ठिपकीला कण मिळाला.

जाता जाता तिने मागे पाहिलं. पट्टीच्या त्या टोकाला एक मांजर. म्हणे झोपलंय. पण मिशी हलतेय.

हूं. तू काय केलं असतंस?