नवसाचं कुरण

उंच डोंगरांनी चहूकडून वेढलेल्या एका खोऱ्यात एक रानशेळी राहत असे. तिचं करडू एकदा तापाने फणफणलं, तेव्हा तिने डोंगरदेवीला नवस बोलला होता, "माझं लेकरू उठू दे गं आई, दारापुढचं कुरण तुझ्या नावाने राखीन. त्यावर कुणाचा पाय पडू देणार नाही." करडू उठलं, बागडू लागलं. शेळीने कुरणाभोवती काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं.

बाळांनो, त्या मुलखात मध होता, लोकर होती, सफरचंदं तर उदंड. पण समुद्र फार लांब, म्हणून मीठ तेवढं नव्हतं. खालच्या खिंडीतून, अस्वलाच्या दारावरून, मध बाहेर जाई आणि मीठ आत येई. शेळीच्या खोऱ्याहून वरच्या खोऱ्यात एक मेंढी राहत असे. तिला मिठासाठी शेळीच्या कुरणातूनच उतरावं लागे. एके दिवशी ती कुंपणाशी येऊन थबकली.

"शेळीताई, जरा वाट दे गं. माझं कोकरू मिठावाचून खंगलंय."

"नवसाचं कुरण आहे बाई. पाय नाही लावायचा."

"अगं, मग उडत जाऊ का?"

"कड्यावरून जा की!"

"कडा तुला शोभतो. मी लोकरीचं गाठोडं, गडगडतच खाली जाईन!" मेंढी कसनुशी हसली आणि रिकामीच माघारी वळली.

थंडी पडली. शेळीच्या घरचंही मीठ सरत आलं. ती खिंडीशी गेली, तर तिथे अस्वल आडवं पसरलेलं.

"अस्वलदादा, जरा सरा. लेकरासाठी मीठ आणायचंय."

"मी निजेचं व्रत धरलंय," अस्वल जांभई देत म्हणालं. "बर्फ वितळेपर्यंत इथे कुणाचा पाय वाजायचा नाही."

"अहो, व्रत तुमचं, पण वाट सगळ्यांची ना?" शेळी तळमळून बोलली, आणि स्वतःच्याच शब्दांनी चपापली.

ती तशीच घरी धावली. शिंगांनी कुंपण उपटलं, उरल्यासुरल्या मिठातलं अर्धं घेतलं आणि वरचं खोरं गाठलं. मेंढी दारात एकटीच बसली होती. कोकरू आदल्या पहाटेच गेलं होतं.

"उशीर झाला गं, ताई," मेंढी म्हणाली. शेळी मान खाली घालून मिठासकट माघारी वळली. मग मेंढीच हळूच म्हणाली, "मीठ परत नेऊ नकोस. शेजारणीचं कोकरूही उठेनासं झालंय. चल, तिला देऊ."

तात्पर्य : देवाच्या नावाने धरलेला नेमही दुसऱ्याची वाट अडवत असेल, तर तो देवापर्यंत पोचत नाही. बाळांनो, नवस जरूर बोला. पण तुमच्या दारावरून कुणाची वाट जात असेल, तर तेवढी आजच मोकळी करा हं.