फरशीवरची कुस्ती

"...मग वस्ताद, जिंकल्यावर हरलेल्याचं काय होतंय, याची काळजी पैलवानानं करायचीच कशाला?"

रणधीर वाईंगडे यांनी हे विचारलं, तेव्हा वस्ताद थंडाईसाठी भिजवलेले बदाम सोलत होते.

त्यांनी एक बदाम सोलला. तोंडात टाकला. सावकाश चावला.

"नको करू," ते म्हणाले.

रणधीररावांचा जीव भांड्यात पडला. इतक्या स्वस्तात सुटका होईल असं वाटलं नव्हतं.

मीरासाब वस्ताद म्हणजे कोल्हापुरातलं जुनं खोड. ऐन उमेदीत ते शिंकले की तालमीची कौलं जागची हलायची, आणि दुसऱ्यांदा शिंकले की आपापल्या जागी परत यायची. ज्याला खोटं वाटतं त्यानं जाऊन बघावं. एक ओळ अजून वाकडी आहे. त्या दिवशी तिसरी शिंक आली होती.

रणधीरराव त्यांचे पठ्ठे. तरुणपणी मैदानं गाजवली, मग लोखंड वितळवायला लागले. आता त्यांची फौंड्री शहरात सगळ्यांत मोठी, आणि शर्टाची इस्त्री अशी कडक, की माशी बसली तर घसरून पाय मोडावा.

परवाच त्यांनी पलीकडची सासमिले फौंड्री विकत घेतली होती. वीस वर्षांची टक्कर होती ती. आज अकराला संचालकांची बैठक, आणि ठराव एकच: सासमिलेची भट्टी पहिल्या तारखेपासून बंद. तिथली तीनशे माणसं घरी. त्यांच्या जिवावर चालणारी आजूबाजूच्या छोट्या कारखान्यांची पत्र्याची शेडं... ती आपोआप गार होणार.

खाली सही अध्यक्षांची. म्हणजे रणधीररावांची.

सही करायच्या आधी त्यांना वस्तादांचा होकार हवा होता. का हवा होता, हे त्यांना धड सांगता आलं नसतं.

बरोबर सबनीस होते. पुण्याचे, टायवाले, कंपनीच्या पैशाचा कारभार बघणारे संचालक. तालमीच्या दारात "बूट काढा" म्हटल्यावर त्यांनी मोजेही काढले आणि घडी करून खिशात ठेवले.

"सगळं कायद्यात बसतंय, वस्ताद," रणधीरराव म्हणाले. "नोटीस देणार. नुकसानभरपाई देतोय."

"शिवाय भागधारकांच्या हिताचा प्रश्न आहे," सबनीस म्हणाले. "आपण त्यांना उत्तरदायी आहोत."

"भागधारक म्हंजे कोण वो?"

"ज्यांनी पैसा लावलाय ते."

"आणि ज्यांनी हात लावलाय ते?"

सबनीसांनी खिशात हात घातला. तिथं मोजेच होते.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकून उठले.

"चल रणधीर. एक कुस्ती खेळू."

"कुणासंगं?"

"माझ्यासंगं. मला पाड, आणि खुशाल जाऊन सही कर. माझा आशीर्वाद."

रणधीरराव हसले. वस्तादांचं वय ऐंशीच्या पुढं. नक्की किती, ते दर वर्षी ते स्वतःच नव्यानं ठरवत. तरी गुरूची आज्ञा ती आज्ञा. त्यांनी शर्ट काढला, लांग चढवली आणि कुस्तीच्या हौदाकडं निघाले. ताक, तेल, हळद घालून मळलेली ती तांबडी माती... वासानंच दंड फुगले.

"तिकडं कुठं निघालास?"

रणधीरराव वळले.

वस्ताद पाण्याच्या टाकीपाशी, दगडी फरशीवर उभे होते. मांडीवर थाप मारून, पवित्रा घेऊन.

"हितं ये. हितंच पाड."

जोर काढणारी मंडळी अर्ध्या जोरात थांबली.

सलामी झाली. रणधीररावांनी हात घातला, कंबर हाताला लागली. एके काळी हा माणूस जमिनीत पुरल्यासारखा हलायचा नाही. आज कापसाच्या पिशवीसारखा अलगद वर आला. बरगड्या बोटांना कळत होत्या. ढाकेचा डाव लागला. आता एक झटका, की पाठ खाली.

झटका आला नाही.

"काय झालं?" वस्तादांनी काखेतूनच विचारलं.

"वस्ताद... खाली फरशी हाय."

"असंना. फरशीवर पाडू नये, असं कुठल्या कायद्यात लिवलंय?"

"पाठ मोडंल तुमची."

"नुकसानभरपाई दे. नोटीस तर मला आत्ताच मिळाली."

कुणीतरी फिस्सकन हसलं. सबनीस असावेत, पण त्यांनी लगेच खोकला काढला.

"पाड की मर्दा! जिंकतोयस."

रणधीररावांच्या कपाळावरून घामाचा ओघळ उतरला. इतकी कुस्त्यांची मैदानं झाली, पण हातात आलेला माणूस असा जड कधी लागला नव्हता.

त्यांनी वस्तादांना हळूच खाली ठेवलं. दोन्ही पाय टेकले आहेत ना, ते बघितलं. मगच हात सोडले.

"हरलास?"

"...हरलो."

वस्तादांनी भिंतीला टेकवलेलं खोरं उचललं, रणधीररावांच्या हातात दिलं आणि हौदाकडं बोट केलं.

कुस्ती लागण्याआधी हौद खणून माती भुसभुशीत करायची, हा तालमीचा रोजचा शिरस्ता. पैलवान कितीही मोठा असो, त्याला सुटका नाही.

रणधीरराव खणायला लागले. तळव्यांना फोड येतील असं वाटलं, आणि आलेही.

"आमाला वाटायचं, ह्यो व्यायाम हाय," ते धापा टाकत म्हणाले.

"व्यायामच पायजे असता, तर दगूड फोडाय लावला असता तुमाला. चार पैसं तरी सुटलं असतं."

खोरं मातीत रुतलं आणि तिथंच राहिलं.

रणधीररावांनी आजवर ज्यांना ज्यांना उचलून आपटलं होतं, ते सगळे त्यांच्या डोळ्यांपुढून गेले. एकूण एक जण उठला होता. अंग झाडून, शिव्या घालत, दूध प्यायला गेला होता. ही आपल्या डावाची सफाई, असं रणधीरराव इतकी वर्षं समजत आले होते.

"सर," सबनीस काठावरून म्हणाले, "अकरा वाजत आले."

"सबनीस, दुसरं खोरं तिकडं कोपऱ्यात आहे."

सबनीसांनी घड्याळ बघितलं. वस्तादांकडं बघितलं. मग टाय उचलून पाठीवर टाकला आणि हौदात उतरले.

बैठकीला दोघं उशिरा पोचले, आणि कोपरापर्यंत लाल. रणधीररावांनी ज्या ज्या कागदाला हात लावला, त्यावर अंगठा उमटला. भट्टी बंद करायचा ठराव त्यांनी घडी करून पाण्याच्या ग्लासाखाली ठेवला. ग्लास ओला होता.

"सासमिलेची भट्टी वर्षभर चालेल," ते म्हणाले. "तोवर आपली नवी शेड उभी राहील. त्यांची माणसं तिथं येतील. पत्र्याच्या छोट्या शेडवाल्यांना आपल्या ऑर्डरी मिळतील. मग भट्टी बंद करू. आधी नाही."

"आणि नफा?" मुंबईहून आलेल्या उंच संचालकांनी विचारलं.

"यंदा कमी येईल. भागधारकांच्या सभेत मी स्वतः उभा राहून सांगेन. का कमी आला, तेही सांगेन."

"आणि आम्हाला हे पटलं नाही तर?"

रणधीरराव उठले. अध्यक्षाची खुर्ची मागं सरकवली आणि बाजूला उभे राहिले.

"तर ही रिकामी आहे. या, बसा."

कुणीही उठलं नाही. मग एक हात वर गेला. लाल हात. सबनीसांचा. त्यामागं दुसरा, तिसरा, आणि शेवटी उंच संचालकांचाही. त्यांचा काखेला हवा लागावी म्हणून गेला असेल, पण मतांत धरला गेला.

बातमी सासमिलेच्या भट्टीवर कशी पोचली, देव जाणे. बैठकीतला चहा निवायच्या आत बाहेर हलगी कडाडली. तीनशे माणसं म्हणतात. माझं ऐकाल तर गल्लीत मुंगीला वाट नव्हती. त्यांनी एकशेदहा किलोचे रणधीरराव फुलासारखे उचलले, खांद्यावर घेतले आणि गुलाल उधळत तालमीकडं निघाले. रस्त्यात गंगावेशीच्या म्हशी बाजूला झाल्या. कोल्हापूरची म्हैस आमदारालाही बाजू देत नाही, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या मिरवणुकीचा थाट कळेल.

वाईंगड्यांची छाती फुगून दोन्ही गालांना लागली होती. एवढा मोठा फड त्यांनी आयुष्यात मारला नव्हता.

तालमीच्या पायरीवर वस्ताद थंडाईचा पेला घेऊन बसले होते.

"वस्ताद!" रणधीरराव खांद्यांवरूनच ओरडले. "जिंकलो!"

हलगी थांबली.

वस्तादांनी वर बघितलं. मग नजर खाली आणली, रणधीररावांना पेलून धरलेल्या माणसांच्या ताणलेल्या मानांवर, घामावर. एकेकाकडं सावकाश बघितलं. थंडाईचा एक घोट घेतला.

"जिंकलास?"

"व्हय वस्ताद!"

"...मग वर काय करतोयस?"