अठरावं वासरू

“मग बसत का नाही, काका?”

अच्युत दळवींनी सतरावं लाकडी वासरू बाबलकाका चिताऱ्यांपुढे ठेवलं. आधीची सोळा खिडकीच्या फळीवर रांगेत उभी होती.

बाबलकाकांचं वय ब्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. सारी हयात सावंतवाडीची लाकडी खेळणी करण्यात गेलेली. दळवींच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ते स्टुलावर बसले होते आणि शेडच न्याहाळत होते.

शेड होतीच बघण्यासारखी. पुण्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूम सांभाळून दळवी निवृत्त होऊन गावी आले, आणि यंदा त्यांनी स्क्रोल सॉ आणला. शिवणयंत्राएवढी ही करवत, तिचं दोऱ्यासारखं बारीक पातं वरखाली धावतं आणि लाकडात हवं तसं वळण कापतं. दळवींनी तिच्यासाठी आधी नवा कोबा घातला. त्यावर टेबल बोल्टांनी आवळलं. खाली रबर घातलं, पातळी बघायला पाणसळ तीनदा लावली.

“पेलाभर पाणी ठेवा टेबलावर,” दळवी म्हणाले. “मशीन चालू असताना थेंब सांडला तर नाव बदलेन.”

पाणी कोणी मागितलं नव्हतं.

“गाय दाखवा,” बाबलकाका म्हणाले.

दळवींनी फडक्यातून गाय काढली. वीतभर लांबीची, शिवणीच्या लाकडाची. पाठीवरचा रंग हाताळून उडालेला. पोटात वासराच्या आकाराचं आरपार भोक.

काकांनी तिच्या पाठीवरून अंगठा फिरवला.

“ह्या माझ्याच हातचा. एकाच फळीतली गाय नि वासरू... वासरू खंय आसा?”

“मकरंदबरोबर गेलं.”

मकरंद हा दळवी आणि त्यांची बायको कुमुद यांचा एकुलता एक मुलगा. गेल्या वर्षी घाटात मोटारसायकल घसरली. सत्तावीस वर्षांचा होता.

“त्याला शेवटचं बाहेर काढताना कुमुदने उंबऱ्यातच त्याच्या मुठीत ठेवलं,” दळवी म्हणाले. “लहानपणी ते घेतल्याशिवाय झोपायचा नाही. मला विचारलंसुद्धा नाही तिनं. मूठ मिटली आणि आत गेली.”

काकांनी गाय उजेडाकडे धरली.

“तेव्हापासून ती ही गाय मांडीवर घेऊन बसते. त्या भोकात बोट घालून. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. ताट वाढलं तरी डाव्या हाताचं बोट तिथेच. दिवसाला चार शब्द बोलली तर खूप. आता आंघोळीला गेलीय, म्हणून उचलून आणली.” दळवींचा आवाज खाली आला. “उद्या वर्ष होईल, काका. त्याच्या आत हे भोक भरायला हवं. मला बघवत नाही.”

“तिना सांगल्यान? भर म्हणान?”

“ती कुठे काय सांगते!”

काकांनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही.

“चालू करा मशीन.”

दळवींनी कळ दाबली. टेबल खरंच हललं नाही. पण फळी पात्याला टेकवली तशी ती थडथड उडायला लागली. दळवींनी सरावाने तिच्यावर लोखंडी पट्टी दाबली.

“लाकूड उडतं,” ते म्हणाले. “म्हणून ही पट्टी मुद्दाम करून घेतली.”

“बंद करा.”

मशीन थांबलं. काकांनी पात्यावर अंगठा ठेवला आणि वरून खाली हलकेच ओढला. अंगठा अडकला. रक्ताचा बारीक ठिपका आला, तो त्यांनी धोतराला पुसला.

“पाता उलटा आसा. दाते वर केलास. मग तो लाकूड वर ओढतलोच.”

दळवींनी चष्मा लावला. चष्म्यावर भिंग धरलं. एवढी पाणसळ, एवढे बोल्ट, आणि दिव्याखाली अंधार. ते मटकन खोक्यावर बसले.

“चौतीस वर्षांत एकदासुद्धा पातं उलटं लावलं नाही मी.”

“ह्या दिवसांत होता तसा,” काका म्हणाले.

त्या बोलण्यात ठपका नव्हता. दळवींना तेच सोसेना. ओठ आवळून ते फळीवरच्या वासरांकडे बघत राहिले. सगळ्यांच्या कडा वरच्या अंगाला उसकटलेल्या होत्या.

काकांनी पातं सैल केलं, फिरवलं, पुन्हा ताणलं. टिचकी मारून आवाज ऐकला. मग शिवणीच्या फळीवर गाय आडवी ठेवून भोकाच्या आतून पेन्सिल फिरवली.

ते रेघेवरून गेले नाहीत. रेघेच्या किंचित बाहेरून गेले. डोळे जवळजवळ मिटलेले, दोन्ही अंगठे फळीवर. पट्टी बाजूलाच पडली होती आणि फळी जागची हलत नव्हती.

वासरू सुटं झालं. काकांनी ते पॉलिश पेपरवर घासलं, लावून पाहिलं, परत घासलं. बराच वेळ.

मग गाईच्या पोटात ठेवून तळव्याने दाबलं.

टक.

दळवींनी गाय हातात घेतली. उलटी केली, हलवली. वासरू पडलं नाही. त्यांनी जोडावरून नख फिरवलं. नख कुठेच अडलं नाही.

“बसलं,” ते म्हणाले, आणि वर्षभर न रडलेला तो माणूस रडायला लागला. “काका, बसलं हो...”

काकांनी हात पुढे केला. दळवींनी गाय त्यांना दिली.

घरात न्हाणीघराची कडी वाजली. पावलं माजघरात गेली, तिथून पडवीत आली, पुन्हा माजघरात. काहीतरी उचलल्याचा, सरकवल्याचा आवाज. मग पावलं भराभर व्हायला लागली.

“अहो...” कुमुदचा आवाज आला. “अहो, गाय कुठाय?”

दळवी डोळे पुसत उठले. चेहऱ्यावर लहान मुलासारखी घाई होती.

“द्या काका. दाखवतो तिला.”

काकांनी गाय दिली नाही. ती मांडीवर घेऊन ते बसले होते. त्यांच्या डाव्या हाताचं बोट गाईच्या पोटावर फिरत होतं. पुढे, मागे, पुन्हा पुढे. लाकूड सगळीकडे सारखंच गुळगुळीत लागत होतं.

“अहो...!”

काकांनी वर पाहिलं.

“आता तिना बोट खंय ठेवूचा?”